‘बोनलेस’ म्हणजे हाड नसलेलं, की नुसतं पदार्थाचं नाव?

सिनसिनाटीकर

अमेरिकेतल्या आमच्या ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२४ रोजी एका साध्या शब्दाचा अर्थ ठरवला. तो शब्द म्हणजे ‘बोनलेस’. निकाल वाचल्यापासून मला तो पटलेला नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

प्रकरण असं. इथून जवळच्या हॅमिल्टन गावात एका गृहस्थांनी २०१६ मध्ये बोनलेस विंग्ज, म्हणजे चिकनचे तळलेले तुकडे, मागवल्या. खाताना एक घास नीट उतरला नाही. दोन-तीन दिवसांत ताप चढला. तपासणीत अन्ननलिकेत अडकलेलं कोंबडीचं हाड सापडलं. अन्ननलिका फाटली होती आणि जंतुसंसर्गही झाला होता. त्यांनी हॉटेल, माल पुरवणारी कंपनी आणि कोंबड्यांचा उत्पादक अशा तिघांवर दावा लावला. खालच्या न्यायालयांनी तो ज्यूरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळापुढे, जाऊच दिला नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तेच कायम केलं.

बहुमताचा निकाल न्या. जोसेफ डीटर्स यांचा. त्यांच्या मते ‘बोनलेस विंग’ हे पदार्थ करण्याच्या पद्धतीचं नाव आहे, हाड नसल्याची हमी नव्हे. कोंबडीला हाडं असतात हे सगळे जाणतात, तेव्हा खाणाऱ्याने सांभाळून खावं. विरोधात न्या. मायकल डॉनेली यांनी लिहिलं की या देशातले आईबाप लेकरांना बोनलेस विंग्ज आणि नगेट्स भरवतात, तेव्हा आत हाड असेल असं त्यांना वाटतं का? मुळीच नाही.

मी डॉनेलींच्या बाजूची आहे. बोलण्यात शब्दाचे अर्थ बदलोत, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या शब्दाच्या भरवशावर मी मुलाच्या तोंडात घास घालते, तो शब्द विकणाऱ्याने पाळलाच पाहिजे. तुम्ही ‘बोनलेस’ वाचता तेव्हा काय समजता? तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात, तेही लिहा.

रंकाळ्याचा_वारा

ताई, आमच्या कोल्हापुरात बोनलेस म्हणजे पंगतीला बसून उपाशी उठणं. हाडाशिवाय पांढरा रस्सा कुणी करून दाखवावा! नळी ताटावर आपटून आतला ऐवज चोखला नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही.

पण गमतीचा भाग सोडा, त्या माणसाचं फार वाईट झालं.

मंजिरी_ठाणे

आमच्याकडे हा शब्द विशेषण राहिलेलाच नाही. दुकानात “अर्धा किलो बोनलेस द्या” म्हणायचं, म्हणजे छातीचं मांस. हॉटेलात वेटर आत ओरडतो, “दोन बोनलेस, एक हाफ तंदूर!” चिकनवाला विचारतो, “बोनलेस करून देऊ का?” एका शब्दाचं नाम, क्रियापद सगळं झालं. अर्थ मात्र तोच आहे, हाड काढलेलं. आणि त्याचे जास्तीचे पैसे आपण मुकाट्याने देतो, ते हाड काढल्याचेच ना?

सिनसिनाटीकर

मंजिरी, हाच माझा मुद्दा! मेनूत शेजारी हाडवाल्या विंग्ज असतात. दोन्हींत फरक दाखवणारा शब्द एकच, तो म्हणजे ‘बोनलेस’. तोच काही सांगत नसेल तर छापायचा कशाला?

तर्कतीर्थ_बावधन

मी वेगळं मत मांडतो. रागावू नका.

‘बोनलेस विंग’ या नावातला दुसरा शब्द कुठे खरा आहे? ती विंग नसतेच. छातीच्या मांसाचे इंचभर तुकडे करून, पीठ लावून तळतात आणि सॉसमध्ये घोळवतात. मूळ बफेलो विंग्ज हे कोंबडीचे पंखच. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात अँकर बारच्या टेरेसा बेलिसिमो यांनी १९६४ मध्ये त्या पहिल्यांदा केल्याचं मानतात. पुढे सॉस आणि थाट तोच ठेवून छातीचे तुकडे आले, नाव मात्र पंखांचंच राहिलं.

यावरूनही शिकागोच्या एका ग्राहकाने २०२३ मध्ये बफेलो वाइल्ड विंग्ज या हॉटेल-साखळीवर दावा लावला होता, की पंख सांगून छातीचं मांस विकता. कंपनीने समाजमाध्यमावर उत्तर दिलं: आमच्या हॅम्बर्गरमध्ये हॅम नसतं आणि बफेलो विंग्जमध्ये म्हैसही नसते. त्याआधी २०२० मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन शहराच्या नगर परिषदेसमोर एका नागरिकाने ‘बोनलेस चिकन विंग्ज’ हे नावच बंद करा, असं कळकळीने भाषण केलं होतं. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला.

सांगायचं असं की ‘विंग’ शब्दशः घेऊ नये हे आपण मान्य करतो. मग त्याच नावातला ‘बोनलेस’ तेवढा शब्दशः का घ्यायचा? न्यायालयाने पूर्ण नाव एकत्र वाचलं. ते मला सुसंगत वाटतं.

शेवंती

तर्कतीर्थ, पंख समजून छाती खाल्ली तर घसा फाटत नाही. फरक तिथे आहे.

दावा_दाखल

व्यवसायाने वकील आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. या निकालामागे अमेरिकेतली बरीच जुनी परंपरा आहे.

१९३६ मध्ये कॅलिफोर्नियात चिकन पायमधल्या हाडाचा खटला झाला होता. तिथे न्यायालय म्हणालं, हाड हा कोंबडीचाच नैसर्गिक भाग आहे. काच किंवा खिळा निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणजे वस्तू परकी आहे की नैसर्गिक, एवढंच पाहायचं. पुढे अनेक राज्यांनी दुसरी कसोटी धरली: साधारण ग्राहक काय अपेक्षा ठेवतो? खुद्द कॅलिफोर्नियानेही १९९२ मध्ये जुनी भूमिका बरीच सैल केली. ओहायोत १९६० च्या खटल्यात तळलेल्या कालवांत शिंपल्याचा तुकडा निघाला होता, तिथेही ग्राहक हरला.

माझ्या आवडीचा खटला १९६४ चा, मॅसॅच्युसेट्समधला. बोस्टनच्या एका टी रूममध्ये फिश चाउडर, म्हणजे माशाचं दाट सूप, पिताना एका बाईंच्या घशात काटा अडकला. न्यायमूर्तींनी निकालपत्रात चाउडरच्या जुन्या पाककृती उद्धृत करून दाखवून दिलं की या पदार्थात माशाचे तुकडे असतातच. न्यू इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाला त्यात काटा निघाला तर नवल वाटू नये, असं म्हणून दावा फेटाळला.

पण त्या चाउडरवर ‘काटे काढलेलं’ असं कुणी लिहिलं नव्हतं. ओहायोच्या प्रकरणात मेनूवर स्पष्ट शब्द होता. बहुमताने आणखी एक कारण दिलं, की तुकड्याच्या मानाने हाड एवढं मोठं होतं की खाणाऱ्याला ते कळायला हवं होतं. मला इथे डॉनेली पटतात. हे कळायला हवं होतं की नाही, ते ज्यूरीतल्या सामान्य माणसांनी ठरवायचं. त्यांच्यापुढे प्रश्न जाऊच दिला नाही, ही खरी अडचण.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘माल’ या व्याख्येत अन्न येतं, आणि उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. उत्पादकाने स्पष्ट हमी दिली आणि माल तसा निघाला नाही, तर निष्काळजीपणा नव्हता असं दाखवूनही त्याची सुटका होत नाही. तेव्हा पाकिटावरच्या ‘बोनलेस’ला हमी म्हणायचं की नाव, हा वाद इथेही कळीचाच ठरेल.

पिंपळपान

“कुणाच्या जिभेला काही हाड?” ही म्हण आठवली. मराठीत मूळची बोनलेस ती जीभच. म्हणून तर ती वाटेल तशी वळते.

रंकाळ्याचा_वारा

पिंपळपान, कडक!

आणि ‘हाडाचा शिक्षक’, ‘हाडाचा शेतकरी’ यात हाड म्हणजे अस्सलपणा. आपल्या भाषेत हाड असणं ही इज्जतीची गोष्ट आहे.

जुनी_पोथी

इंग्रजीतही याला हजार वर्षांची परंपरा आहे. एक्सेटर कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातलं हस्तलिखित आहे, त्यात जुन्या इंग्रजीतली कोडी आहेत. एका कोड्यात कोपऱ्यात काहीतरी फुगतं, वरचं झाकण उचलतं आणि एक मानी बाई त्या ‘बानलेआस’, म्हणजे बिनहाडाच्या, वस्तूला हातांनी धरते. ऐकणाऱ्याच्या मनात भलतंच यावं अशीच रचना आहे. उत्तर आहे आंबवलेली कणीक! तेव्हा हा शब्द निव्वळ मऊपणाचा होता.

नवव्या शतकात ‘हाडहीन’ इवार हा व्हायकिंग सरदार होऊन गेला. ८६५ मध्ये इंग्लंडवर चालून आलेल्या मोठ्या फौजेच्या म्होरक्यांत त्याची गणना होते. त्याला असं का म्हणत, यावर वाद आहेत. कुणी हाडांचा आजार सांगतं, कुणी सापासारखी चपळाई. कुणी म्हणतं की ‘द्वेष्य’ अर्थाचा लॅटिन शब्द चुकीचा वाचला गेला.

मग १९३१. २८ जानेवारीला ब्रिटिश संसदेत चर्चिल यांनी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्यावर केलेला हल्ला प्रसिद्ध आहे. लहानपणी बार्नमच्या सर्कशीत ‘बोनलेस वंडर’ नावाचा खेळ पाहायची त्यांना फार इच्छा होती. आईवडिलांनी तो पोराने पाहण्यासारखा नाही म्हणून नाकारला. तेव्हापासून पन्नास वर्षं थांबलो, आणि तो चमत्कार आज सरकारी बाकावर बसलेला पाहतोय, असं ते म्हणाले. मराठी वाचकाला मॅक्डोनाल्ड ठाऊक आहेत ते गोलमेज परिषदेमुळे आणि १९३२ च्या जातीय निवाड्यामुळे. त्याच निवाड्यातून पुढे येरवड्यात पुणे करार झाला. चर्चिलच्या तोंडी या शब्दाचा अर्थ झाला, ठामपणा नसलेला.

कणकेपासून पंतप्रधानापर्यंत अर्थ कितीही फिरला, तरी प्रत्येक वेळी ‘हाड नाही’ हे मूळ शाबूत होतं. ओहायोच्या निकालाने ते मूळच काढून टाकलं. म्हणून तो मला बोचतो.

वेदाभ्यासी

जुनी पोथी, आणखी मागे जाऊ. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, दीर्घतमस ऋषींच्या अस्यवामीय सूक्तात (१.१६४.४) म्हटलंय: ‘को ददर्श प्रथमं जायमानमस्थन्वन्तं यदनस्था बिभर्ति’. हाडं नसलेलं तत्त्व हाडं असलेल्याला धारण करतं, तो पहिला जन्म कुणी पाहिला? ‘अनस्था’ म्हणजे बोनलेसच. तिथे हा शब्द मऊपणाचा नाही आणि भित्रेपणाचाही नाही. ज्याच्यापासून देह आला त्या देहहीनाचा आहे.

ग्रीक कवी हेसिअडही ‘अस्थिहीन’ असा शब्द वापरतो. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ ऑक्टोपस असा घेतात.

मालवणी_मसालो

ऑक्टोपस आला म्हणून मी पण आलो.

आमच्याकडे माशाला हाड नसतं, काटा असतो. त्यामुळे मुंबईतल्या हॉटेलात ‘बोनलेस सुरमई’ वाचलं की मला हसू येतं. सुरमईला मधला काटा काढला की काम झालं. पेडवे किंवा पाला समोर ठेवा, मग बघू कोण बोनलेस करून देतो! बोंबलाचा काटा एवढा मऊ की पोरं चावून खातात.

खरा बोनलेस मासा म्हणजे मोरी. शार्कच्या जातीतल्या माशांचा सांगाडा हाडाचा नसून कुर्चेचा असतो. प्राणिशास्त्रात म्हणूनच ‘बोनी फिश’ हा गट वेगळा आणि शार्क, वागळी यांचा गट वेगळा. आजी म्हणायची, “मोरीक काटो नाय, पोरांका घालूक बरी.”

आणि माकुलाच्या जातीतल्या एका प्राण्याच्या पाठीतून पांढरी वडी निघते. आयुर्वेदवाले तिला समुद्रफेन म्हणतात, पोपट पाळणारे पिंजऱ्यात टांगतात. इंग्रजीत तिच्या नावात ‘बोन’ आहे, पण ते हाड नाही, आतलं कवच आहे. या इंग्रजीवाल्यांचं हाडाशी काय वाकडं आहे कळत नाही.

शिवणकाम_आणि_बरंच_काही

मालवणी भाऊ, अजून एक घ्या. इंग्रजीत ‘बोन्ड’ चिकन म्हणजे हाडं काढलेलं, आणि ‘बोन्ड’ कॉर्सेट (कंबर आवळणारं वस्त्र) म्हणजे हाडं घातलेलं. जुन्या कॉर्सेटमध्ये ताठपणासाठी व्हेलबोनच्या पट्ट्या शिवत, म्हणून ते नाव. आणि व्हेलबोन हे हाडच नव्हे! व्हेलच्या तोंडातल्या गाळणीसारख्या पट्ट्या असतात त्या, नखांच्या जातीच्या पदार्थाच्या. आता त्या जागी प्लॅस्टिक किंवा स्टीलच्या पट्ट्या घालतात, त्यांनाही ‘बोनिंग’च म्हणतात. ब्लाउज शिवणाऱ्या माझ्या मैत्रिणी सर्रास “बोन टाकून दे” म्हणतात.

आदिश्री_पुणे

माझा मुलगा तेरा वर्षांचा. परवा म्हणाला, “आई, मला बोनलेस पाणी दे.” म्हणजे बर्फ न घातलेलं! त्यांच्यात ‘बोनलेस पिझ्झा’ हाही इंटरनेटवरचा जुना विनोद आहे. ज्या वस्तूला हाड असण्याचा प्रश्नच नाही, तिला हा शब्द लावायचा आणि खिदळायचं. स्केटबोर्डवर याच नावाची एक उडी आहे, तीही तोच करून दाखवतो. पुढचा पाय जमिनीवर टेकायचा, फळी हाताने धरायची आणि उडी मारून पुन्हा तिच्यावर यायचं.

पण बघा, पोरांचा विनोद चालतो कशामुळे? कारण ‘बोनलेस’ म्हणजे हाड नसलेलं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. अर्थ पुसला गेला असता तर पिझ्झ्याला तो शब्द लावून कुणी हसलं नसतं.

तर्कतीर्थ_बावधन

आदिश्री, हा मुद्दा चांगला आहे, मानतो.

तरी मुख्य प्रश्नावर माझं मत कायम आहे. कोंबडी हा प्राणी आहे आणि त्यातून प्रत्येक कण काढल्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. तशी हमी मागायची तर हा पदार्थ विकणंच बंद करावं लागेल.

ग्लुटेनमुक्त_आई

मला वाद घालता येत नाही, भीती सांगते. माझ्या मुलीला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन तिला चालत नाही. ‘ग्लुटेन फ्री’ वाचून मी तिला खायला देते. उद्या न्यायालय म्हणालं की ग्लुटेन फ्री ही पाव भाजायची एक पद्धत आहे, तर मी कुणावर विश्वास ठेवू?

दावा_दाखल

ताई, या निकालात त्याचा उल्लेख आहे. बहुमताचं म्हणणं असं, की ग्लुटेन-मुक्त किंवा लॅक्टोज-मुक्त म्हणून विकलेल्या अन्नात ते घटक असतील अशी अपेक्षा ग्राहक ठेवत नाही आणि स्वतः जपूही शकत नाही. हाडाचं तसं नाही. म्हणजे तुमच्या लेबलाला या निकालाने थेट धक्का लागत नाही. पण तुमची भीती मला रास्त वाटते. ‘अमुक नाही’ असं सांगणारे शब्द सैल वाचायची सवय लागली की रेघ कुठे ओढायची हे दरवेळी न्यायाधीशांच्या मनावर राहतं.

भटारखाना

मी पुण्यात केटरिंग करतो, त्याआधी हॉटेलच्या किचनमध्ये होतो. इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो.

छाती सोडवताना मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवून मांस उचलतात. चुकतं ते दोन ठिकाणी. एक, मानेकडचं व्ही आकाराचं हाड. ते आधी नीट काढलं नाही तर टोक तुटून मांसात राहतं. दुसरं, बरगड्यांच्या काड्या. तंगडीचं बोनलेस करताना मोठ्या हाडाला चिकटून सुईसारखं एक बारीक हाड असतं, ते हमखास निसटतं. आजचे ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांच्या आत कापले जातात. त्यांची हाडं पुरती टणक झालेली नसतात, त्यामुळे लवकर तुटतात. मोठ्या कारखान्यांत एक्स-रे यंत्रं असतात, पण कोवळं हाड एक्स-रेतही अंधुक दिसतं.

तेव्हा तर्कतीर्थ म्हणतात ते अर्धं खरं आहे. बारीक कण शंभर टक्के निघाला असं कुणीही छातीठोक सांगू नये. पण अन्ननलिका फाडेल एवढं हाड राहिलं तर ते काम नीट झालेलं नाही. आमच्याकडे प्रत्येक तुकड्यावरून बोटं फिरवूनच मांस मॅरिनेशनला जातं. बोटाला जे लागतं ते डोळ्याला दिसत नाही. हे करणाऱ्या माणसाला आम्ही मजुरी देतो आणि ती गिऱ्हाइकाच्या बिलात लावतो. पैसे त्या शब्दाचे घेतले, तर जबाबदारीही त्या शब्दाची घ्यावी. आमच्या धंद्यात यावर दुमत असू नये असं मला मनापासून वाटतं.

सिनसिनाटीकर

भटारखाना, तुमचा प्रतिसाद आमच्या इथल्या न्यायमूर्तींना वाचायला द्यावासा वाटतोय. तर्कतीर्थांची हमीची शंका आणि माझी तक्रार, दोन्हींचं उत्तर त्यात आहे.

एक विचारते. आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीला मुलांसाठी चिकनचे तळलेले तुकडे ठेवणार आहोत, माल बाहेरून येणार. पाटीवर काय लिहू? आणि लहानांना देताना काय बघायचं?

भटारखाना

पाटीवर ‘बोनलेस’ लिहा आणि खाली मोठ्या अक्षरात ‘क्वचित हाडाचा तुकडा निघू शकतो, लहान मुलांना कुस्करून द्या’ असंही लिहा. कुस्करणं म्हणजे चमच्याने दाबणं नव्हे, हाताने धाग्याच्या दिशेने उसवायचं. पीठ लावून तळलेल्या तुकड्यात हाड बाहेरून कळत नाही, उसवलं की लगेच लागतं. पुरवठादाराला माल छातीचा आहे की तंगडीचा ते विचारा. मुलांसाठी छातीचाच घ्या, त्यात ते सुईसारखं हाड नसतं.

दावा_दाखल

आणि पुरवठादाराकडून ‘बोनलेस’ हा शब्द बिलावर लिहून घ्या.

मालवणी_मसालो

सहलीला मोरी मिळत असेल तर तीच ठेवा. कोर्टात जायची वेळच येणार नाही.

मंजिरी_ठाणे

सिनसिनाटीकर, सहल झाली की पाटीचा फोटो टाका. आमच्या सोसायटीच्या थर्टी फर्स्टला तोच मजकूर वापरते. गेल्या वेळी सगळी लहान मुलं त्याच काउंटरवर होती.